अध्यक्षांची खुर्ची आणि निवडणुकीचे दिवस

(संविधान दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. आम्ही काही घटनातज्ज्ञ नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून दिवसभर लोकांच्या स्लिपा तपासणारे साधे कारकून आहोत. कला शाखेची पदवी घेताना राज्यशास्त्राची चार पुस्तके वाचली आणि निवडणुकीची ड्यूटी लागली म्हणून मतदान केंद्रे जवळून पाहिली, एवढीच आमची शिदोरी. तरीही कार्यकारिणीने आग्रह केला आणि आम्ही तो मोडू शकलो नाही.

विषय आम्हाला आपल्याच अभ्यासिकेने दिला. २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत बारावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "काका, पुस्तकात लिहिले आहे की लोकसभेचे अध्यक्ष कोणत्याही पक्षाचे नसतात. मग ते पक्षाच्या चिन्हावर मते कशी मागतात?" आम्ही त्या वेळी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

घटनेने काय दिले आहे?

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. इंग्रजीत ज्यांना स्पीकर म्हणतात, त्यांना आपण लोकसभेत आणि विधानसभेत अध्यक्ष म्हणतो. आपल्या विधान परिषदेत सभापती असतात. वर्तमानपत्रे कधी एक शब्द वापरतात, कधी दुसरा. आज आपण लोकसभेच्या व विधानसभेच्या अध्यक्षांबद्दल बोलत आहोत.

घटनेच्या कलम ९३ प्रमाणे लोकसभा आपल्यातूनच अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडते. त्यांचा पगार भारताच्या संचित निधीतून थेट होतो, त्यावर दरवर्षी सभागृहात मतदान होत नाही. त्यांना काढायचे तर चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव व्हावा लागतो. राजीनामा द्यायचा तर तो राष्ट्रपतींकडे नाही, पंतप्रधानांकडे तर नाहीच नाही, तो उपाध्यक्षांकडे द्यायचा. कलम १०० प्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच त्यांचे निर्णायक मत. या सगळ्या तरतुदींचा अर्थ एकच: हा माणूस सरकारचा नाही, सभागृहाचा आहे.

आता निवडणुकीच्या काळाकडे पाहा. लोकसभा विसर्जित झाली की सगळे खासदार माजी होतात. परंतु अध्यक्ष त्या दिवशी पदावरून जात नाहीत. कलम ९४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, विसर्जनानंतर नव्या लोकसभेची पहिली बैठक भरण्याच्या लगेच आधीपर्यंत अध्यक्ष पदावर राहतात. राज्यांसाठी कलम १७९ मध्ये अशीच तरतूद आहे. हेतू चांगला आहे. सभागृह नसले तरी सभागृहाचा राखणदार असावा. पण त्याचा व्यवहारातला परिणाम असा की, निवडणुकीच्या काळात एकच गृहस्थ पदाने देशाचा निःपक्षपाती अध्यक्ष असतो आणि त्याच वेळी एका मतदारसंघात एका पक्षाचा उमेदवारही असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांना खुपले ते हेच.

संघाचा शलाका वाटणारा

निःपक्षपातीपणा म्हणजे नेमके काय? यासाठी आपल्याला विलायतेपर्यंत जाण्याची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की, बौद्ध भिक्खू संघाला सभेच्या कामकाजाचे नियम माहीत होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे संघात होते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याचा तपशील आहे. वाद मिटत नसेल तर बहुमत घ्यावे. मतासाठी शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या वाटीत. त्या वाटणाऱ्या व गोळा करणाऱ्या भिक्खूला पालीत सलाकग्गाहापक म्हणतात. हे काम कोणालाही देत नसत. त्याच्या अंगी पाच गुण असावे लागत. तो छंदाने, म्हणजे आवडीने किंवा आपलेपणाने वाकडा जाणार नाही. दोसाने, म्हणजे द्वेषाने वाकडा जाणार नाही. मोहाने, म्हणजे अज्ञानाने जाणार नाही. भयाने जाणार नाही. आणि पाचवा गुण अगदी कारकुनी आहे: कोणाची शलाका घेतली आणि कोणाची घेतली नाही, हे त्याला नीट माहीत असेल. पहिल्या चार वाकड्या वाटांना 'अगति' म्हणतात. सिगालोवाद सुत्तात त्या गृहस्थांसाठीही सांगितल्या आहेत.

मित्रांनो, अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या अध्यक्षांना लावून पाहा. छंद म्हणजे पक्षाचे प्रेम. दोस म्हणजे विरोधकांवरचा राग. मोह म्हणजे नियमांचे अज्ञान. आणि भय? निवडणुकीच्या काळात भय म्हणजे पुढच्या तिकिटाची काळजी. आमच्या मते या चारांपैकी आजच्या अध्यक्षांना सर्वांत जास्त छळते ते शेवटचे.

एक लहानसा अनुभव

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत आमची नेमणूक प्रथम मतदान अधिकारी म्हणून झाली होती. मतदार यादीत नाव शोधायचे, ओळख पटवायची आणि मोठ्याने नाव वाचायचे, हे आमचे काम. दुपारी एक मुलगा मोठ्या भावाचे ओळखपत्र घेऊन आला. दोघे भाऊ दिसायला सारखे. टेबलाजवळ बसलेल्या कोणत्याही पक्षाच्या प्रतिनिधीने हरकत घेतली नाही, कारण कोणालाच ते माहीत नव्हते. माहीत होते फक्त आम्हाला. ते कुटुंब पूर्वी आमच्याच वस्तीत राहायचे. भाऊ सुरतेला कामाला होता आणि या मुलाला अजून अठरा पूर्ण नव्हती.

तो आमच्याकडे पाहून हळूच "जयभीम, काका" म्हणाला. आमची जीभ क्षणभर अडखळली. मत कोणाला जाणार हेही आम्हाला ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर त्यात आमचे नुकसान नव्हते. तरी आम्ही ओळखपत्र परत दिले आणि म्हणालो, "बाळा, हे तुझे नाही. पुढच्या खेपेला तुझे स्वतःचे घेऊन ये." ही गोष्ट घरी कळल्यावर त्याच्या वडिलांनी वर्षभर आमच्याशी बोलणे टाकले. लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही.

यात आमचा काही मोठा पराक्रम नाही. नंतर विचार करताना आमच्या लक्षात आले की, आम्हाला हे जमले त्याचे एक साधे कारण होते. आमची नोकरी त्या केंद्रावरच्या कोणत्याही उमेदवाराच्या हातात नव्हती. कोणीही निवडून आले तरी एक तारखेला बँक पगार देणारच होती. आमच्यापुढे फक्त छंद होता, भय नव्हते. समजा, आमची पुढची पाच वर्षांची भाकरी त्यातल्या एका उमेदवाराच्या पक्षाकडे असती, तर? आम्ही छातीवर हात ठेवून काही सांगू शकत नाही.

अध्यक्षांची स्थिती नेमकी ही आहे. पाच वर्षे आपण त्यांना म्हणतो, पक्ष विसरा. आणि पाचवे वर्ष संपताना त्यांना त्याच पक्षाच्या दारात तिकिटासाठी उभे करतो.

दुसऱ्या देशांनी काय केले?

इंग्लंडने यावर रूढीने उपाय काढला. तेथे स्पीकर निवडून आल्यावर पक्षाचे सदस्यत्व सोडतात. पुढची सार्वत्रिक निवडणूक ते कोणत्याही पक्षातर्फे लढवीत नाहीत. 'पुन्हा निवडून येऊ इच्छिणारे स्पीकर' म्हणून उभे राहतात आणि मोठे पक्ष बहुधा त्यांच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. लिंडसे हॉयल २०१९ व २०२४ साली चोर्ले मतदारसंघातून असेच उभे राहिले. ही रूढी अगदी अभंग आहे असे मात्र नाही. १९३५ साली फिट्झरॉय यांच्याविरुद्ध मजूर पक्षाने उमेदवार दिला होता, आणि २०१० साली जॉन बर्को यांच्याविरुद्ध नायजेल फराज उभे होते. तरी दोन्ही वेळा स्पीकरच निवडून आले.

आयर्लंडने रूढीवर विसंबून न राहता १९३७ च्या घटनेतच व्यवस्था केली. तेथील कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष, निवृत्त व्हायचे नसेल तर, मतदानाशिवाय पुन्हा निवडून आले असे मानतात. तेथे एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडतात, म्हणून अध्यक्षांची एक जागा सोडली तरी मतदाराला उरलेल्या जागांसाठी मत देता येते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आपणही तसेच करावे. येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे एका मतदारसंघातून एकच खासदार. तेथे अध्यक्षांना बिनविरोध सोडायचे तर त्या मतदारसंघातील लाखो लोकांचे मत पाच वर्षे पेटीत पडणारच नाही. ज्या समाजाला एक माणूस, एक मत हा हक्क बाबासाहेबांच्या झगड्याने मिळाला, त्या समाजाने ही गोष्ट सहज मान्य करू नये. इंग्लंडमध्येही ही तक्रार आहे. म्हणून दुसऱ्याचा अंगरखा तसाच अंगात घालता येत नाही, तो आपल्या मापाने बेतावा लागतो.

आपल्याकडे काय घडले?

आपल्याकडेही या दिशेने प्रयत्न झाले. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी स्वराज्य पक्षाचे सदस्यत्व सोडले. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर झाले. गणेश वासुदेव मावळंकर हे गुजरातेत वाढलेले मराठी गृहस्थ. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि त्याच सभागृहात बाबासाहेब विरोधी बाकांवर बसत. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक तेथे मांडले. लहान पक्षाच्या सदस्याला सभागृहात शब्द मांडता येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला त्या काळापासून माहीत आहे. बहुमतवाल्यांना अध्यक्षांची फारशी गरज नसते, त्यांची संख्याच त्यांचे रक्षण करते. अध्यक्षांची खरी गरज असते ती थोड्यांना.

१५ मे १९५२ रोजी मावळंकरांची निवडही बिनविरोध झाली नव्हती. सोलापूरचे शंकरराव मोरे त्यांच्याविरुद्ध उभे होते. मावळंकरांना ३९४ मते मिळाली, मोरे यांना ५५. मावळंकरांनी काँग्रेस सोडली नाही, परंतु पक्षाच्या रोजच्या राजकारणापासून दूर राहण्याचा मार्ग धरला. अध्यक्षांच्या मतदारसंघात निवडणूक लढवू नये अशी रूढी पडावी, असा त्यांचा प्रयत्न होता. तो यशस्वी झाला नाही. १९५४ च्या डिसेंबरात त्यांच्यावरही पदावरून दूर करण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला, पण एवढ्या मोठ्या माणसालाही संशयातून सुटका नव्हती.

१९६७ साली नीलम संजीव रेड्डी अध्यक्ष झाले आणि त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले. त्यांच्याच काळात नेमलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या समितीचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. होय, रोजगार हमी योजनेचे जनक, तेच पागे. अध्यक्षांनी आपले काम निःपक्षपातीपणे व चोख केले असेल तर त्यांना पुढच्या लोकसभेतही राहू द्यावे, अशी त्या समितीची सूचना होती. ती कागदावरच राहिली.

पुढे काय झाले? १९७५ साली गुरदयालसिंग धिल्लों अध्यक्षपद सोडून मंत्री झाले. बलराम जाखड १९८९ साली अध्यक्ष असताना सीकरला देवीलाल यांच्याकडून हरले आणि १९९१ साली केंद्रात कृषिमंत्री झाले. लातूरचे शिवराज पाटील १९९६ पर्यंत अध्यक्ष होते, २००४ साली ते गृहमंत्री झाले. मनोहर जोशी मंत्रिपदावरून अध्यक्षपदी आले आणि २००४ साली अध्यक्ष असताना मुंबईत एकनाथ गायकवाड यांच्याकडून पराभूत झाले. मीरा कुमार २०१४ साली सासाराममध्ये हरल्या. ओम बिर्ला २०२४ साली कोट्यातून पक्षाच्या चिन्हावर लढून निवडून आले आणि पुन्हा अध्यक्ष झाले.

यांपैकी कोणाच्याही सचोटीवर आम्ही बोट ठेवीत नाही. पक्षही वेगवेगळे आहेत. सांगायचे इतकेच की, वाट कशी आहे ते पाहा. मंत्रालयातून खुर्चीकडे, खुर्चीतून पक्षाच्या व्यासपीठाकडे, आणि पुढे कदाचित पुन्हा मंत्रालयाकडे. अशा वाटेवर चालणाऱ्या माणसाने मागे वळून पक्षाकडे पाहिलेच नाही, तर ते आश्चर्य.

असे आश्चर्य एकदा घडले. २००८ च्या जुलैत सोमनाथ चटर्जी यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला आणि त्यांनी अध्यक्षपद सोडावे अशी पक्षाची अपेक्षा होती. त्यांनी नकार दिला. २२ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी ते खुर्चीवर बसले आणि २३ जुलैला पक्षाने त्यांना काढून टाकले. जन्मभराचे नाते एका दिवसात संपले. २००९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. छंद आणि भय या दोन्ही अगतींवर त्यांनी मात केली असे आम्हाला वाटते. परंतु त्याची किंमत पाहा. निःपक्षपातीपणासाठी प्रत्येक अध्यक्षाला आपले सारे राजकीय आयुष्य मोजावे लागत असेल, तर असे किती मिळतील?

वेळ हाही निर्णयच

१९८५ पासून अध्यक्षांच्या खांद्यावर आणखी एक ओझे आले. घटनेच्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, कोण सदस्य अपात्र हे ठरविण्याचा अधिकार त्यांना दिला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरविला, परंतु अध्यक्षांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असेही सांगितले. वेगळे मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींचे म्हणणे असे होते की, ज्याचे पद बहुमताच्या मर्जीवर टिकते तो असा निवाडा करणारा स्वतंत्र न्यायाधीश ठरू शकत नाही. आज तीस वर्षांनंतर ते अल्पमत आम्हाला जास्त खरे वाटते.

या कामात अध्यक्षांना 'नाही' म्हणण्याची गरजच पडत नाही. नुसते थांबले तरी पुरते. निवडणूक जवळ आली की प्रकरण आपोआप मरते. २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, असाधारण कारण नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, आणि हे काम एखाद्या कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा. आपल्या राज्यात २०२२ सालच्या याचिकांचा पहिला निकाल १० जानेवारी २०२४ रोजी लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. निकाल बरोबर की चूक, यात आम्ही शिरत नाही. आमच्या बँकेत चेक तीन महिन्यांनी शिळा होतो, एवढेच आम्ही जाणतो. न्यायालाही तारीख असते.

मग करावे काय?

आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करता येतील. पहिली, अध्यक्ष होताच पक्षाचे सदस्यत्व सोडावे. यासाठी नवा कायदा नको. दहाव्या अनुसूचीतच सवलत आहे की, अध्यक्षपदामुळे पक्ष सोडला तर तो सदस्य अपात्र होत नाही आणि पद सुटल्यावर तो पुन्हा पक्षात जाऊ शकतो. दार उघडे आहे, त्यातून जाणारे थोडे आहेत.

दुसरी, पुढची निवडणूक अध्यक्षांनी पक्षाच्या चिन्हाशिवाय लढवावी. मोठ्या पक्षांनी उमेदवार न देण्याचे ठरवावे, पण अपक्षाला व लहान पक्षाला दार बंद करू नये. म्हणजे मतदाराचा हक्क शिल्लक राहील आणि अध्यक्षांचे भयही कमी होईल. खुर्ची सोडल्यावर काही वर्षे मंत्रिपद घेऊ नये, हाही दंडक हवा. म्हणजे छंदालाही आळा बसेल.

तिसरी, अपात्रतेच्या प्रकरणांना मुदत हवी आणि ती स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावीत.

हे सारे दिल्ली-मुंबईचे झाले. पण बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेचीही निवडणूक होते. तेव्हा मतपत्रिका वाटणारा कोण असतो? बहुतेक वेळा एखाद्या गटाचाच उमेदवार किंवा त्याचा मेव्हणा! आपण त्याला हसून सोडून देतो. ज्या संघाने शलाका वाटणाऱ्याचे पाच गुण लिहून ठेवले, त्या परंपरेचे नाव आपल्या फलकावर आहे. येत्या निवडणुकीत निर्णय अधिकारी असा असावा की ज्याला स्वतः काही व्हायचे नाही आणि ज्याला कोणी काही देऊ शकत नाही. कार्यकारिणीने तसा ठराव करावा अशी आमची नम्र सूचना आहे. पाहिजे तर त्यांनी आमचे नाव त्या वर्षीच्या उमेदवारांतून वगळावे, आम्ही मतपत्रिका मोजायला तयार आहोत.

शेवटी आमच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर. बाळा, अध्यक्ष पक्षाचे नसतात असे पुस्तकात लिहिले आहे, ते वर्णन नाही, ती अपेक्षा आहे. अपेक्षा पुरी व्हायची तर माणूस चांगला असावा लागतो, हे खरे. पण चांगल्या माणसालाही भयापासून आडोसा लागतो. तो आडोसा बांधणे हे पक्षांचे, संसदेचे आणि उद्याचा मतदार म्हणून तुझे काम आहे.

जाता जाता एक सांगतो. ओळखपत्र घेऊन आलेला तो मुलगा दोन वर्षांनी आमच्या घरी आला. हातात त्याचे स्वतःचे नवे मतदार ओळखपत्र होते. वडील अजून बोलत नव्हते, पण पेढे त्यांनीच पाठविले होते.

 जयभीम! जय संविधान!